जाती आणि प्रजाती: मोठा गट कोणता?

मूग, मटकी, उडीद आणि चवळी ही एकाच प्रजातीतली चार कडधान्यं, पण जाती चार. हे वाक्य उलटं करून ‘एकाच जातीच्या चार प्रजाती’ असं लिहिलं की सगळंच चुकतं. मराठी परिभाषेत प्रजाती (इंग्रजीत ‘जीनस’) हा मोठा गट आणि जाती (‘स्पीशीज’) त्याच्या पोटातल्या. शाळेतल्या पुस्तकातही क्रम कुल, प्रजाती, जाती असाच उतरतो. हिंदीत मात्र आपल्या ‘जाती’लाच सर्रास ‘प्रजाति’ म्हणतात. बातम्यांमधून तो वापर मराठीत शिरला, आणि गोंधळ तिथूनच आहे.

शास्त्रीय नावात दोन्ही गोष्टी दिसतात. मूग ‘विग्ना रेडिएटा’, उडीद ‘विग्ना मुंगो’. ‘विग्ना’ हे प्रजातीचं नाव. जातीचं नाव मात्र दोन्ही शब्द मिळून होतं, नुसतं ‘रेडिएटा’ लिहून चालत नाही. ‘मुंगो’ ऐकायला मुगासारखं, पण ते उडदाच्या वाट्याला आलंय, हे विशेष लक्षात ठेवावं. बियाण्याच्या कागदपत्रांत इथे हमखास घोळ होतो.

दाणे तळहातावर घेऊन त्यांचा डोळा, म्हणजे दाणा शेंगेला जोडलेला असतो तिथली खूण, पाहा. मुगाचा डोळा सालीशी सपाट असतो. उडदाचा पांढरा डोळा मधे खोलगट आणि कडेनं उचललेला असतो. शेतात उडदाच्या शेंगेवर लांब, दाट लव दिसते. मुगाची शेंग लांब, बारीक, आखूड लवेची. दोघांचा संकर घडवता येतो, पण कष्टानं, आणि त्यातली बरीच झाडं वांझ निघतात. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ मात्र व्यवस्थित फळतो, कारण ते दोन्ही एकाच जातीचे वाण आहेत. शेतकरी ‘आंब्याची जात’ म्हणतो तेव्हा त्याला वाणच म्हणायचा असतो. बोलण्यात ते ठीक, शास्त्रीय मजकुरात ‘वाण’च लिहावं.

पश्चिम घाटातला जांभळा बेडूक, ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’, २००३ साली नोंदवला गेला तेव्हा प्रजातीही नवी होती आणि जातीही. २०१७ साली ‘नासिकाबॅट्राकस भूपती’ आला, तेव्हा फक्त जाती नवी होती. दोन्हींना ‘नवी प्रजाती’ म्हटलं तर पहिल्या शोधाचं मोठेपण वाचकाला कळतच नाही.

वनस्पती-प्राण्यांच्या यादीत प्रजातीच्या नावापुढे ‘एसपी.’ (sp.) असेल तर एकच जाती, पण ती ओळखलेली नाही. ‘एसपीपी.’ (spp.) असेल तर एकाहून जास्त जाती.