सुईला न जुमानणारा चेहरा: भरतकामातल्या व्यक्तिचित्रांची पार्श्वभूमी

फूल भरताना एखादा टाका इकडचा तिकडे झाला तर पाकळी जरा रुंद होते, एवढंच. चेहऱ्यात मात्र ओठाच्या कोपऱ्यावरचा टाका अर्धा मिलिमीटर वर सरकला की शांत बसलेली बाई कुत्सित हसायला लागते. या अडचणीवर कारागिरांनी कधी तोड काढली, तर कधी तिला सरळ बगल दिली.

एक पक्की तोड तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडते. तिथे धर्मगुरूंच्या झग्यांवर संतांच्या आकृती भरल्या जात. हे काम ‘ओपस अँग्लिकानम’ (लॅटिनमध्ये ‘इंग्रजी काम’) या नावाने युरोपभर गाजलं. व्हॅटिकनमधल्या मौल्यवान वस्तूंच्या १२९५ च्या यादीत त्याची नोंद शंभराहून जास्त वेळा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला ‘सायन कोप’ हा झगा त्याच परंपरेतला. चेहऱ्यासाठी तलम रेशमाचा दुभंगता टाका वापरत. यात सुई मागच्या टाक्याचा धागा मधोमध चिरून वर येते, त्यामुळे फट राहत नाही आणि रेघ हवी तशी वळते. गालाच्या मध्यापासून सुरुवात करून टाके शंखाच्या वळशांसारखे बाहेर फिरवत नेत. गालाचा रंग एकच असला तरी तो गोल दिसतो, कारण धाग्याची दिशा बदलली की रेशमावरची चमकही बदलते. यातल्या अनेक चेहऱ्यांच्या भुवया आणि कडा मात्र आज झडून गेल्या आहेत. काळा-तपकिरी रंग पक्का करायला लोहाचे क्षार वापरत, आणि त्यांनीच पुढे रेशीम खाल्लं.

नंतरचे दोन मार्ग पळवाटांचे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी उठावाच्या कामात, म्हणजे आकृती कापडावर उंच उठून दिसतील अशा भरतकामात, चेहरे आणि हात कधी कधी लाकडात कोरून त्यावर रेशीम चढवत. त्यांच्या भोवती फुलं आणि सुरवंट माणसाएवढे! अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत रेशमी चित्रांची लाट आली. झगा, झाडं, फुलं सुईने भरायची आणि चेहरा, हात, आकाश जलरंगात रंगवायचं. पळवाट असली तरी दिसायला छान. फक्त पाणी लागलं की रंग फुटतो, त्यामुळे अशी चित्रं धुता येत नाहीत.

चेहऱ्याला पुन्हा सुईनेच भिडल्या त्या चीनमधल्या सूझोउच्या शेन शोउ (१८७४–१९२१). १९०४ मध्ये राजमाता त्सशी यांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी त्यांचं काम दरबारात गेलं. ‘शोउ’ (दीर्घायुष्य) हे नावही त्यांना राजमातेनेच दिलं. त्यानंतर त्या जपानला गेल्या. तिथल्या भरतकामात त्यांनी पाश्चात्त्य चित्रांतला छायाप्रकाश पाहिला आणि तो सूझोउच्या पद्धतीत आणला. इटलीची राणी एलेना हिचं त्यांनी भरलेलं व्यक्तिचित्र १९११ च्या तुरीन प्रदर्शनात होतं, तर येशूच्या चित्राला १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पारितोषिक मिळालं. त्यांच्या पद्धतीचा पाया म्हणजे रेशमाचा धागा उकलून त्याचे बारीक पदर करणं. जाड धाग्याने दोन छटांमध्ये पायरी दिसते. केसाएवढ्या पदराने छटा एकमेकींत मुरतात. आजारपणात त्यांनी सांगितलेलं तंत्र त्यांचे आश्रयदाते, उद्योगपती झांग जियान यांनी लिहून घेतलं, आणि १९१९ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

इंग्लंडमध्ये १९२०-३० च्या दशकांत इस्त्रीने उमटवायचे छापील नमुने घरोघरी गेले आणि चेहरा पुन्हा गायब झाला: घेरदार झग्यातली बाई, तोंड मोठ्या टोपीआड, आणि भोवती लेझी-डेझीची, म्हणजे पाकळीसारख्या सुट्या साखळी-टाक्यांची फुलं.

आज सहापदरी सुती लडीने पाच-सहा सेंटिमीटरचा चेहरा भरताना हे सगळे धडे कामाला येतात. एकच पदर, दहा नंबरची सुई आणि त्वचेच्या चार-पाच जवळच्या छटा पुरतात. लांब-आखूड टाके कपाळावर उभे ठेवावेत आणि गालावर वळवावेत. सगळे आडवे गेले तर चेहरा पाटीसारखा सपाट होतो. सौम्य भाव हवा असेल तर नजर खाली ठेवणं सोयीचं. मग बुबुळ भरावंच लागत नाही, पापणीची एक कमान पुरते. ती काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्यावी, काळी रेघ चेहऱ्यावर ओरडते. कापड रिंगमध्ये ढोलासारखं ताणलेलं नसेल तर टाके कापड ओढतात आणि गालाभोवती चुण्या पडतात. केसांतली फुलं आणि गाठीचे टाके शेवटी घ्यावेत, नाहीतर रिंग सरकवताना ते तिच्या कडेखाली चेपतात.