डॉ. कलन यांचा सल्ला टपालाने कसा मागवत: पात्रता, कागदपत्रं, फी (एडिनबरो, १७८४)

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये नामांकित डॉक्टरचा सल्ला हवा असेल, तर त्याच्या दारी जायलाच हवं असं नव्हतं. पत्र पाठवलं तरी काम होत असे. एडिनबरो विद्यापीठातले प्राध्यापक डॉ. विल्यम कलन (१७१०–१७९०) यांच्याशी झालेला असा पत्रव्यवहार हजारोंच्या संख्येने जपला गेला आहे. त्यामुळे ही पद्धत कशी चालायची ते बरंच नेमकेपणाने सांगता येतं. छापील फॉर्म नव्हता की खिडकी नव्हती, तरी रीत ठरलेली होती.

कोण लिहू शके

रोगी स्वतः, त्याचा नवरा किंवा बायको, बाप, भाऊ, मित्र, गावचा पाद्री, कोणीही. पण सर्वांत चांगलं म्हणजे गावातल्या सर्जनकडून किंवा अपोथेकरीकडून, म्हणजे औषधं तयार करून देणाऱ्याकडून लिहून घेणं. नाडी त्याने पाहिलेली असे आणि आधी काय काय देऊन झालं तेही त्यालाच ठाऊक असे.

ओळखीची गरज नव्हती. खरी अट खिशाची. फी साधारण एक ते दोन गिनी, आणि एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. एडिनबरोच्या आसपास साध्या मजुराला दिवसाला १० पेन्स मिळतात, असं अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये नोंदवलं आहे (ते स्वतः कलन यांचे मित्र). हिशेब केला तर एका गिनीला पंचवीस दिवस राबावं लागे. मालकाने किंवा पाद्र्याने शब्द टाकला तरच गरिबाचं दुखणं कागदावर उतरायचं.

कागदपत्र एकच: आजाराची हकीकत

आज आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. न तपासता औषध? पण समोरासमोर तरी डॉक्टर काय करत असे? नाडी आणि जीभ पाही, लघवी पाही, आणि बाकी सगळं विचारून घेई. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. निदानाचा मुख्य आधार रोग्याचं बोलणंच होतं, आणि बोलणं कागदावर उतरवता येतं.

काय लिहायचं याचं उत्तम मार्गदर्शन स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉ. तिसो यांनी १७६१ साली सामान्य लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात केलं. शेवटी त्यांनी प्रश्नांची यादीच दिली. वय काय, आधी तब्येत कशी होती, राहणी कशी, कधीपासून आजारी, सुरुवात कशी झाली, ताप आहे का, नाडी कठीण की मऊ. बायकांसाठी आणि मुलांसाठी प्रश्न वेगळे.

चांगला नमुना पाहायचा तर लेखक जेम्स बॉझवेल यांचं ७ मार्च १७८४ चं पत्र पाहावं. लंडनला आजारी असलेले त्यांचे मित्र, इंग्रजी शब्दकोशाचे प्रसिद्ध कर्ते सॅम्युअल जॉन्सन यांच्यासाठी त्यांनी ते कलन, होप आणि मन्रो या एडिनबरोच्या तिघा प्राध्यापकांना धाडलं. वय ७४. मागच्या उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका, त्यातून जवळजवळ पूर्ण बरे. त्याआधीपासून कफाचा खोकला. या हिवाळ्यात दमा, सुमारे तीन महिने घराबाहेर पडणं नाही. थोडा गारठा लागला की छाती आवळते, आडवं होता येत नाही, रात्र बसून काढावी लागते, अफूच्या औषधानेच काय ती झोप. पायांवर आणि मांड्यांवर सूज. सध्या रानकांद्याचा शिरका घेत आहेत. क्रम, कालावधी, चालू औषध, सगळं आलं. गंमत म्हणजे बॉझवेल त्यातच कबूल करतात की रोग्याने फक्त ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ एवढंच कळवलं आहे, रीतसर सल्ला मागण्याचा अधिकार दिलेला नाही. म्हणजे अधिकारपत्राविना अर्ज! तरीही तिघांनी उत्तरं दिली. अर्थात रोगी जॉन्सन होते. साध्या माणसाने असल्या सवलतीवर विसंबू नये.

टपाल हशील

हशील पानांच्या संख्येवर आणि अंतरावर लागे, वजनावर नाही. पाकीट वापरलं तर तेही एक पान धरलं जाई. म्हणून कागदाचीच घडी घालून लाखेने बंद करत, पत्ता बाहेरच्या बाजूला. हशील बहुधा पत्र घेणारा भरे. आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणत, तीच तिथली नेहमीची रीत होती. आधी भरूनही पाठवता येई, आणि फुकट सल्ला मागणाऱ्याने तेवढं तरी करावं.

उत्तरात काय येई

पत्राचा बराचसा भाग पथ्यपाण्याचाच असे: काय खावं, किती प्यावं, घोड्यावर रपेट करावी का, अंगालगत फ्लॅनेल (मऊ लोकरी कापड) घालावं का. औषधयोजना लॅटिनमध्ये. ती रोग्याला कळावी अशी अपेक्षा नसे, अपोथेकरीला कळली की पुरे.

गुण आला नाही तर पुन्हा पत्र आणि बहुधा पुन्हा फी. मागचं काय दिलं होतं हे कलन विसरत नसत, कारण प्रत्येक उत्तराची नक्कल ते ठेवत. आधी लेखनिक हाताने उतरवी. १७८१ पासून जेम्स वॅट यांचं नक्कल यंत्र आलं: ताज्या शाईच्या पत्रावर ओला पातळ कागद दाबायचा. अक्षरं त्यावर उलटी उठत, म्हणून तो कागद पाठीमागच्या बाजूने वाचायचा.