सी हॅरियरच्या प्रतिकृती आणि १९८२चा राखाडी रंग

जागेवरून सरळ वर उठणाऱ्या लढाऊ जेटची प्रतिकृती घ्यायची म्हटली की संग्राहकाची नजर बहुधा सी हॅरियरवरच जाते. हॅरियरच्या मूळ प्रायोगिक विमानाने ऑक्टोबर १९६० मध्ये दोरांनी बांधलेल्या अवस्थेत पहिल्यांदा जमीन सोडली. १९६९ मध्ये हॅरियर ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि साधारण दहा वर्षांनी नौदलासाठी सी हॅरियर आले.

१९८२ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या सी हॅरियरने २० विमाने पाडली आणि हवाई झुंजीत स्वतःचे एकही गमावले नाही. जमिनीवरचा मारा आणि अपघात यांत मात्र काही गेली. प्रतिकृतींना आज जी मागणी आहे ती मुख्यतः या काही आठवड्यांमुळे, आणि रंगाचा वादही तिथलाच.

युद्धापूर्वी या विमानांची पाठ गडद राखाडी आणि पोट शुभ्र पांढरे असे. ब्रिटिश नौदलाचा ताफा दक्षिणेकडे फॉकलंडला निघाल्यावर पांढरे पोट दुरून दिसेल म्हणून विमाने वाटेतच पूर्ण राखाडी करण्यात आली. पथकांची चिन्हे झाकली, ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार राष्ट्रीय चिन्हातला पांढरा भाग बुजवला. ताफ्यातल्या दोन विमानवाहू जहाजांपैकी ‘हर्मिस’वर हे काम ब्रशने उरकले गेले, ‘इन्व्हिन्सिबल’वर फवाऱ्याने. मागाहून पोचलेल्या तुकडीची विमाने तर फिकट राखाडी होती. म्हणजे एकाच युद्धात एकाच विमानाची तीन रूपे.

धातूच्या तयार प्रतिकृतींवर मात्र बहुधा गुळगुळीत, एकसारखा राखाडी थर येतो. त्याच्या बाजूने युक्तिवाद असा की ५ सेंटीमीटर रुंद ब्रशचा फटकारा १:७२ प्रमाणात जेमतेम ०.७ मिलिमीटरचा होतो. तो दाखवायला गेले तर प्रतिकृती नुसती मळकट दिसेल. हिशोब बरोबर आहे, तरी तो पटत नाही. फटकारे नकोत, पण राखाडीखाली दबलेल्या जुन्या खुणांची पुसट छटा तरी हवी. घाईत रंगवलेले ‘हर्मिस’चे विमान कारखान्यातून नुकतेच बाहेर आल्यासारखे दिसले, तर त्या प्रवासाची काहीच खूण उरत नाही. ‘इन्व्हिन्सिबल’च्या विमानाला तो सफाईदार थर शोभतो. निर्मात्यांनी निदान या दोन जहाजांची विमाने एकाच साच्यातून आणि एकाच रंगात काढू नयेत.

नळ्यांबद्दल तर दुमत व्हायचे कारणच नाही. इंजिनाचा झोत खाली वळवणाऱ्या चारही नळ्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि वैमानिकाच्या एकाच दांड्याने एकत्र फिरतात. पुढच्या दोन खाली आणि मागच्या दोन मागे अशी मांडणी चुकीचीच. सुट्या फिरणाऱ्या नळ्यांच्या प्रतिकृतीत ही चूक सर्रास दिसते.

भारतीय सी हॅरियरच्या प्रतिकृतीत गडद पाठ आणि पांढरे पोट दिसले की काही जण तिला युद्धापूर्वीचे ब्रिटिश विमान समजतात. पण डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात उतरलेली पहिली विमाने याच रंगांत होती. सरसकट राखाडी रंग नंतरचा. पुढे १९८७ मध्ये ‘हर्मिस’ भारताकडे येऊन ‘विराट’ झाली आणि भारतीय सी हॅरियर २०१६ पर्यंत सेवेत राहिली. त्यामुळे ‘विराट’वरचे विमान म्हणून प्रतिकृती घेताना ती नेमक्या कोणत्या वर्षाची आहे, हे आधी पाहावे लागते.