पणजीचा जुना भाग नेमका किती जुना? फोंतेन्हास, मळा आणि तिथल्या खाण्याची पार्श्वभूमी

आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला पणजी म्हणजे पाटोच्या स्टँडवर गाडी बदलायची, कुणाला तरी बांबोळीच्या हॉस्पिटलात बघून यायचं आणि वेळ उरला तर बाजार करायचा. जुन्या भागात मुद्दाम पायी फिरायला जायचं हे फॅड अलीकडचं, रील्सवाल्या पोरांनी आणलेलं. वाईट काही नाही त्यात, पण त्या रील्सखाली जो इतिहास लिहिलेला असतो तो वाचून डोक्याला हात लावायची वेळ येते. "५०० वर्षं जुनी पोर्तुगीज वसाहत" हे तर ठरलेलं वाक्य. फोंतेन्हास, म्हणजे पणजीचा हा जुना वाडा, ५०० वर्षं जुनं नाही, त्याच्या निम्मंही नाही, आणि ते तसं का नाही हे कळलं की पणजी राजधानी कशी झाली तेही कळतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

पणजी बेटावर आहे हे पूल झाल्यापासून लोक विसरलेत. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पूर्वेला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा आणि पश्चिमेला समुद्र, मधलं ते तिसवाडी. पोर्तुगीज कागदांत 'इल्हास' म्हणजे हाच तालुका. जुनी राजधानी, म्हणजे आपण ज्याला जुनं गोवं म्हणतो, तीही याच बेटावर नऊ-दहा किलोमीटर आत. म्हणजे राजधानी हलली ती बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. पणजीत तेव्हा काय होतं? आदिलशहाचा एक वाडा, १५१० नंतर पोर्तुगीजांकडे गेलेला, नदीच्या तोंडावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला. १५४१ चं एक छोटं चॅपेल, जिथे पुढे १६१९ ला मोठं चर्च उभं राहिलं. बाकी माड, दलदल, मिठागरं आणि कोळ्यांची घरं. १६३३-३४ ला रायबंदरपर्यंत तीनेक किलोमीटरचा दगडी बांध घातला, तो आजही वापरात आहे, त्यावरूनच आपण जुन्या गोव्याला जातो. कदंब राजवट, विजयनगर वगैरे सोडून देतो, ते आपल्या विषयाचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, राजधानी हलवायचा निर्णय. पुस्तकात एका ओळीत मिळतो: रोगराईमुळे जुनं गोवं ओस पडलं आणि १८४३ ला पणजी राजधानी झाली. ही ओळ खोटी नाही, पण ती दीडशे वर्षांचं भांडण पोटात घालून बसलीय.

रोगराई होतीच. शहर वाढलं तसं सांडपाणी विहिरींत झिरपायला लागलं, पटकी आणि ताप यांनी घरंच्या घरं रिकामी केली, १७ व्या शतकात लोक बाहेर पडायला लागले होते. तरी राजधानी हलवा असा हुकूम निघाला तो रोगामुळे नाही तर १६८३ मुळे. त्या वर्षी व्हाइसरॉय फोंड्याचा किल्ला घ्यायला गेला, छत्रपती संभाजी महाराज स्वतः किल्ल्याच्या मदतीला येऊन पोचले आणि त्याला तिथून मागे पळावं लागलं. मग नोव्हेंबरात मराठ्यांनी रात्रीत जुवें बेटावरचा किल्ला घेतला. नकाशा काढून बघा, जुवें म्हणजे राजधानीच्या अगदी समोर, मध्ये फक्त पाणी. व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन पलीकडे गेला, मार खाऊन जेमतेम परत आला. शेवटी त्याने जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड ठेवला, आता तूच बघ म्हणून. शहर वाचलं, कारण मुघल शहजादा मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि मराठ्यांना तिकडे वळावं लागलं. गोव्यातले भाविक श्रेय संताला देतात, आपण शहजाद्याला देऊ.

पण धसका बसला तो बसलाच. १६८४ पासून ठरलं की राजधानी मुरगावला न्यायची. कारण सरळ होतं, तिथे डोंगराचं नाक आहे, तटबंदी सोपी, आणि पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं तोंड बंद पडतं तेव्हाही मुरगावचं बंदर चालतं. आणि इथून तमाशा सुरू झाला. जुन्या शहरातले उमराव, नगरसभा, मठवाले, सगळ्यांची घरदारं तिथे, कोण हलणार? लिस्बनहून पत्र यायचं, कामाला लागा, इथून उत्तर जायचं, पैसे नाहीत. जहाजाने पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष, तोपर्यंत व्हाइसरॉय बदललेला, नवीन साहेबाचं मत वेगळं. लोक हलावेत म्हणून जुन्या शहरातल्या इमारती पाडून दगड मुरगावला न्यायचेही हुकूम सुटले. म्हणजे जे शहर रोगाने मरत होतं ते सरकारने स्वतःच्या हाताने पाडायला घेतलं आणि नवीन काही उभंही राहिलं नाही! १७१२ च्या सुमारास हा नाद सोडला. माझ्या मते जुन्या गोव्याच्या भग्न अवस्थेतला मोठा वाटा या धरसोडीचा आहे, आणि धरसोडीचं मूळ १६८३ मध्ये. काही अभ्यासक याला मराठी अभिमानाचा चष्मा म्हणतील, म्हणू देत, तारखा तरी माझ्या बाजूने आहेत.

एवढं झाल्यावर १७७० च्या दशकात लिस्बनच्या बड्या मंत्र्याच्या डोक्यात आलं की जुनं शहरच परत बांधू. कामगार लावले, ते तापाने मरायला लागले, काम बंद. दरम्यान व्हाइसरॉय लोकांनी आपापली सोय केव्हाच बघितली होती. १६९५ ला ते शहराबाहेर पाणेलीला राहायला गेले आणि १७५९ ला थेट पणजीच्या आदिलशाही वाड्यात. साहेब पणजीत म्हटल्यावर कचेऱ्या पणजीत, कारकून पणजीत, मग सोनार, शिंपी, पदेर म्हणजे पाववाले, सगळे मागोमाग. १८४३ चा शाही हुकूम निघाला तेव्हा राजधानी कधीच आलेली होती, फक्त कागदावर 'नोवा गोवा' लिहायचं बाकी होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १८४२ ला, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिन चर्चचं छत कोसळलं. त्याची मोठी घंटा १८७१ ला पणजीच्या चर्चवर चढवली, पायऱ्यांवर उभं राहून मान वर केली की दिसते ती हीच.

तर फोंतेन्हास. १८ व्या शतकाच्या शेवटी मोझांबिकला पैसा करून परतलेल्या एका गोंयकाराची ही माडांची बाग, लोक त्याला मोसमीकार म्हणायचे. पुढे ती चिंबलच्या मठाकडे गेली. आल्तिनोच्या पायथ्याला झरा आहे त्यावरून वाडीचं नाव पडलं. १८२७-३५ मध्ये जो गव्हर्नर होता त्याने दलदल भरून रस्ते आखले, तेव्हा आजची पणजी दिसायला लागली. सेबस्त्यांवचं चॅपेल १८१८ चं. गंमत बघा, त्याच काळात पणजीत महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, तिसवाडीत कित्येक पिढ्यांनंतर उघडपणे परवानगी मिळालेलं. फोंतेन्हासला लागूनच्या मळा वाड्याच्या टेकडीवर मारुती, खाली चॅपेल, मध्ये घरं, हे चित्र म्हणून जुळतं. चॅपेलमधला क्रूस बघाच, ख्रिस्ताचे डोळे उघडे आणि मान ताठ आहे. तो आधी जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, ते कोर्ट १८१२ ला बंद झाल्यावर पणजीच्या वाड्यात आला, १९१८ ला इथे. त्या डोळ्यांसमोर काय काय चाललं असेल ते सांगायला नको.

घरं जवळून बघितली तर चिरा आपलाच, कौलं मंगलोरी, म्हणजे १८६५ नंतरचीच. खिडक्यांच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांच्या चपट्या चकत्या बसवलेल्या, ऊन पडलं की आत दुधट उजेड येतो. पावसाळा संपला की घर रंगवलंच पाहिजे असा नियम होता आणि पांढरा रंग फक्त चर्चला, असं सांगतात. आता तो नियम नाही, पण रंगवावं लागतं, नाहीतर फोटोवाले येत नाहीत. अर्थात राहणाऱ्यांना फोटोवालेच नको झालेत, कित्येक दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. सकाळी दार उघडलं की समोर प्री-वेडिंगवाली नवरी, कोणाला चालेल?

दोन घोळ इथे निस्तरतो. पहिला, मधल्या रस्त्याचं नाव ३१ जानेवारी मार्ग. गाईड सांगतात की १६४० ला पोर्तुगाल स्पेनपासून सुटला तो दिवस. तो दिवस १ डिसेंबर. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात राजाविरुद्ध बंड झालं आणि फसलं, पुढे १९१० ला राजेशाही गेल्यावर पोर्तुगालमध्ये गावोगाव रस्त्यांना ही तारीख दिली, तीच आपल्याकडे आली. दुसरा, "युनेस्को हेरिटेज". युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गोव्याची एकच नोंद आहे, जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ, १९८६ ची. फोंतेन्हास त्यात नाही. कॅफेच्या मेनूकार्डवर लिहिलं म्हणून होत नाही.

१९६१ नंतरचं सगळ्यांना पाठ आहे. फक्त १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचं एक सांगतो, १,७२,१९१ मतं संघप्रदेशाला आणि १,३८,१७० महाराष्ट्रात विलीनीकरणाला. सतराएक हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर पणजी आज जिल्ह्याचं ठिकाण असती, ओरोससारखी, आणि मळ्यातल्या घरांचं काय झालं असतं देव जाणे. आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून ते लागतं, गोव्यातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटतं, दोन्ही बाजू एकाच टेबलावर बसून मासे खातात. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा आपल्या बाजूने येणाऱ्यांना पणजी परत खरंखुरं बेट झाली, बेतीहून फेरीबोटीने जावं लागायचं. विधानसभा २००० ला पर्वरीला गेली, आदिलशाही वाडा मोकळा झाला. मग कॅसिनोची जहाजं आली, स्मार्ट सिटीची खोदाई आली, जुन्या भागातल्या लोकांनी धूळ खाल्ली.

खाण्याचं म्हणाल तर या भागात दोन स्वयंपाकघरं, ख्रिस्ती आणि हिंदू, शेजारी शेजारी आहेत, आणि टुरिस्टला एकच दाखवतात. चॅपेलच्या बाजूला व्हिनेगरचं राज्य. सोर्पोतेल, विंदालू, चोरिस-पाव, गोड म्हणून थरावर थर भाजलेली बेबिंका. मळ्याच्या बाजूला सोलं, तिरफळं, ओलं खोबरं, म्हणजे आपलंच, फक्त मालवणीपेक्षा तिखट कमी. हुमण, तिसऱ्यांचं सुकं, शीतकडी. मिरची, काजू, बटाटा पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेहून आले हे खरं, पण ते दोन्ही चुलींवर सारखेच पोचले, त्यामुळे "ऑथेंटिक पोर्तुगीज" वगैरे पाटी दिसली की मी पुढे जातो. व्हिनेगर तरी कुठलं पोर्तुगीज? द्राक्षं नव्हती म्हणून माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं केलं.

सकाळी फिरायचं असेल तर भाजी-पाव खा, पातळ आणि सुकी मिक्स सांगायची, सोबत बन्स. संध्याकाळी गाड्यावर रस-आमलेट, ऑमलेटवर शागुतीचा रस्सा ओतलेला, वर कांदा, लिंबू. शागुती आणि आमची सागोती बहिणी-बहिणीच, आमच्याकडे वड्याबरोबर, तिकडे पावाबरोबर. यातलं पोर्तुगीज काळातलं किती आणि नंतरचं किती यावर वाद घालण्यापेक्षा रस्सा गरम आहे तोवर खावं.

पावाचं मात्र नीट सांगायला हवं. पाव पाद्र्यांनी आणला, गोव्यात यीस्ट नव्हतं म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर घातली, आणि ही कला मुख्यतः सासष्टीत, माजोर्डाकडच्या घरांनी पकडली. राजधानी पणजीला आली तसे पदेरही आले. सायकल, मागे टोपली, रबरी भोंगा. त्यातली पोई घ्या, वर कोंडा भुरभुरलेला असतो, बोटांना लागतो, आतून पोकळ, फाडली की खिसा तयार. सकाळची संध्याकाळी वातड होते, आणि तशी झाली तर समजा चांगली आहे. आता अडचण अशी की माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळत नाही, बहुतेक ठिकाणी यीस्टच घालतात. भट्टीवर काम करणारी पोरंही बरीचशी बाहेरून आलेली, त्यांना शिकवलं तसं ती करतात, उत्तम करतात. पण सुरेची पोई खायची असेल तर पणजीत शोधत बसू नका, खेडेगावातल्या लाकडाच्या भट्टीवर चौकशी करा, आणि सातच्या आत पोचा.