टेनियलची अ‍ॅलिस म्हणजे अ‍ॅलिस लिडेल नव्हे

जुन्या सचित्र पुस्तकांच्या नादी लागलेल्याला हे कुणीतरी ऐकवतंच: 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधली जॉन टेनियलची चित्रं खऱ्या अ‍ॅलिस लिडेलवरून काढलेली आहेत. लेखक लुईस कॅरलने गोष्ट या ओळखीतल्या लहान मुलीसाठी रचली, हे खरं. चित्रांचं मात्र तसं नाही. कॅरलने स्वतः काढलेले तिचे फोटो पाहा: आखूड काळे केस, कपाळावर झुलपं. टेनियलच्या मुलीचे केस लांब, मागे वळवलेले. मॉडेल वापरायला टेनियल तयारच नव्हता. पुढे एका पत्रात कॅरलने त्याबद्दल कुरकुरही केली आहे. शिवाय १८६४ मध्ये 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाच्या खंडाच्या शीर्षकपानावर टेनियलने बरीचशी अशीच मुलगी काढली होती, म्हणजे पुस्तक यायच्या आधीच.

अ‍ॅलिसचा फ्रॉक मुळातच निळा होता, या समजाचंही तेच. १८६५ च्या पुस्तकातली ४२ चित्रं काळीपांढरी, डॅलझिएल बंधूंनी लाकडात कोरलेली. १८९० मध्ये अगदी लहान मुलांसाठी रंगीत आवृत्ती निघाली, तर तिच्यात फ्रॉक चक्क पिवळा! तेव्हा निळ्या फ्रॉकची अ‍ॅलिस 'मूळ रंगातली' म्हणून कुणी चढ्या भावाने विकत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.