खूर कोणाचा?

गोव्यात, सत्तरीत किंवा सांग्यात, कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) पाटाच्या कडेला दोन फाकांचा ठसा दिसला की संशय रानडुकरावर जातो. तो आधी निकालात काढावा. डुक्कर काय, हरीण काय, पायाला बोटं चारच. मधली दोन जमिनीवर टेकतात, तोच खूर. बाकीची दोन, उपखुरं, मागच्या बाजूला वर राहतात. डुकराची उपखुरं खाली आणि बाहेरच्या अंगाला असल्यामुळे साध्या ओल्या मातीतही खुरामागे दोन खुणा उमटतात, खुरापेक्षा जास्त फाकलेल्या. हरणाच्या उपखुरांची खूण सहसा खोल चिखलात किंवा ते उधळलं तरच दिसते.

डुक्कर नाही असं ठरलं की लांबी मोजा. मोठ्या सांबराचा ठसा साधारण 6 ते 8 सेंटिमीटर, चितळाचा साडेचार ते 6, भेकराचा 3 ते 4. पिसोरीचा (इवल्याशा माउस डिअरचा) अख्खा खूर दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकला जातो, म्हणजे 27 मिलिमीटरच्या आत. (पिसोरी खरं हरीण नव्हेच, तिचं कूळ वेगळं, शिंगं नाहीत, नराला सुळे असतात.)

खरी गफलत होते ती चितळ आणि सांबराच्या पाडसात. मोले, बोंडला, खोतीगाव या अभयारण्यांत दोन्ही प्राणी आहेत. चितळाचा खूर अरुंद, टोकदार. सांबराचा रुंद, बोथट. पण पातळ चिखलात खूर घसरतो, कडा ढासळतात आणि आकारावर भरवसा राहत नाही. शिवाय चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर पडतो. तो जोडठसा मोजला तर चितळाचंही सांबर होतं. म्हणून एकट्या ठशावर निकाल देऊ नये, माग काढत दहा-वीस पावलं पुढे जावं. लहान पाडस आईपासून फार लांब जात नाही, तेव्हा आसपास मोठे ठसे सापडायला हवेत. चितळं कळपाने फिरतात, त्यांनी पाणवठ्याची कड तुडवून टाकलेली असते. भेकर बहुधा एकटं.

ठशावरून नर-मादी छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मी मान डोलावतो आणि पट्टी खिशात ठेवतो. पुढचा खूर मागच्याहून मोठा असतो, डोक्यामानेचा भार त्याच्यावर पडतो म्हणून. एकाच जनावराचे पुढचे-मागचे ठसे पाहून तिथे जोडपं होतं असं ठरवणं अगदी सोपं आहे.

मोजायला पावसाळा सरल्यानंतरचा चिखल उत्तम. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर (कातळपठारावर) मात्र सांबर गेलं तरी काही उमटत नाही. तिथे लेंड्या शोधाव्यात.