आढं आडवं, कोनवासा उतरता: चौपाखी गॅरेजवर कौलं घालताना

चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या छपराचं काम निघालं की कुणीतरी म्हणतंच, "कोनवाशावर काय वेगळं? आढ्यासारखंच घालायचं." असं घातलेलं छप्पर पुढं कोपऱ्यातून ठिबकायला लागतं, आणि दोष मात्र कौलाला दिला जातो.

आढं दुपाखी घरात वाढलेल्याला समजावायला नको. समोरासमोरची पाखी वर भेटतात ती आडवी रेघ, तिच्यावर टोपीची कौलं, झालं. शेजारशेजारची पाखी भेटतात तिथून वळचणीच्या कोपऱ्याकडं तिरका उतरतो तो कोनवासा. दोन्हींवर टोपीची कौलं तीच, म्हणून कामही तेच, असा समज होतो. आणि कोनवासे म्हणजे किरकोळ काम नव्हे. १० बाय १८ फुटांच्या छपराला ३० अंशांचा उतार दिला, तर आढं भरतं ८ फूट आणि चार कोनवासे मिळून ३० फुटांच्या वर.

खरी मेख टोपीखाली आहे. मंगलोरी कौल उतारावर टिकतं ते त्याच्या पोटाकडचा उंचवटा रिपेला, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीला अडकतो म्हणून. आढ्याशी कौल अखंड राहतं, उंचवटा शाबूत असतो. कोनवाशाशी मात्र कौल तिरकं कापावंच लागतं, आणि बऱ्याच तुकड्यांचा नेमका तो उंचवटाच कटरखाली जातो. उरलेला त्रिकोणी तुकडा रिपेवर नुसता टेकलेला असतो. मग त्याच्याखाली सिमेंटचा गोळा थापतात. हे मला अजिबात मान्य नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. त्या हालचालीत सिमेंट सुटतं, तुकडा घसरतो आणि पाणी थेट कोनवाशावर पडतं. वरून टोपी जागच्या जागी दिसत असल्यानं वासा कुजेपर्यंत खऱ्या कारणाचा कुणाला पत्ता लागत नाही. तुकड्याच्या वरच्या अंगाला, टोपीखाली झाकलं जाईल अशा जागी, ड्रिलनं बारीक भोक पाडा आणि तांब्याच्या तारेनं तो कोनवाशातल्या खिळ्याला बांधा. प्रत्येक सुटा तुकडा बांधायचा. वेळ जातो, जाऊ दे.

टोपीचंही तसंच. आढ्यावर ती आडवी बसते. कोनवाशावर सुमारे २२ अंशांच्या घसरणीवर असते. म्हणून सगळ्यांत खालच्या टोपीला अडवणारा लोखंडी आकडा कोनवाशाच्या टोकाला आधी ठोकायचा आणि वळचणीकडून वर चढत जायचं. शिवाय ३० अंशांच्या उतारावर आढ्याशी दोन पाख्यांमधला कोन १२० अंशांचा, तर कोनवाशावर जवळजवळ १३९ चा. आढ्याला नेमकी बसणारी टोपी इथं मधे पोकळ राहते. ती पोकळी सिमेंटनं ठासून भरू नका: सिमेंट पाणी शोषून आतल्या लाकडाला ओल देत राहतं. सिमेंटचा माल फक्त दोन्ही कडांखाली, तोही थोडा आत.

टोपीचा रंग, कडेची नक्षी हे ज्याच्या त्याच्या आवडीचं.

क्रम मात्र चुकवू नका. आधी चारही कोनवासे, मग आढं, म्हणजे आढ्याची शेवटची टोपी कोनवाशांची वरची तोंडं झाकते. आढं आणि दोन कोनवासे मिळतात त्या जागी टोपीखाली शिशाचा पत्रा घाला. आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करा. आपल्या कोल्हापूरकडं पावसाचा वारा गगनबावड्याच्या घाटाच्या अंगानं, पश्चिमेकडून येतो. तेव्हा जोडाचं उघडं तोंड पूर्वेलाच हवं.